जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आणि इंटरनेटच्या आद्य शिल्पकारांपैकी एक होते. ते जॉन पोस्टेल या नावाने ओळखले जातात. ईमेलच्या वहनासाठी आजही वापरात असलेल्या एसएमटीपी या प्रोटोकॉलचे १९८२ चे मानक त्यांनी लिहिले. इंटरनेटची मानके ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजमालेतून प्रसिद्ध होतात, तिचे ते जवळजवळ तीन दशके संपादक होते. जाळ्यातील क्रमांक, पत्ते आणि डोमेन नावे यांची मध्यवर्ती नोंद ठेवणाऱ्या आयएएनए या व्यवस्थेचा कारभारही त्यांनी मृत्यूपर्यंत पाहिला. पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि स्वीकारताना उदार असावे, असे सांगणारे तत्त्व त्यांच्या नावाने पोस्टेलचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे.

आरंभीचे जीवन आणि शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील अल्टाडीना येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये झाले. इंटरनेटच्या इतिहासात पुढे महत्त्वाचे ठरलेले विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी होते. पोस्टेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून, म्हणजे यूसीएलएमधून, १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच विद्यापीठाने १९७४ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. संगणकांमधील संवादाचे नियम आलेखांच्या साहाय्याने मांडून ते निर्दोष आहेत की नाहीत हे तपासण्याची पद्धत, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. दोन अनोळखी यंत्रे एकमेकांशी बोलताना कोठे अडतील याचा आगाऊ विचार करण्याची ही सवय त्यांच्या पुढील लेखनातही दिसते.

अर्पानेट आणि आरएफसी मालिका

यूसीएलएमध्ये लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या मार्गदर्शनाखाली जाळे-मापन केंद्र चालत असे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन संस्थेने उभारलेल्या अर्पानेट जाळ्याचे पहिले केंद्र १९६९ मध्ये येथेच स्थापन झाले. पोस्टेल त्या वेळी तेथे विद्यार्थी-संशोधक होते. याच विद्यार्थ्यांच्या गटातील स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी मालिकेचा पहिला दस्तऐवज लिहिला. या नावाचा मूळ अर्थ अभिप्रायांसाठी विनंती असा आहे. आपण हुकूम देत नसून सहकाऱ्यांची मते मागत आहोत, हे सुचवण्यासाठी विद्यार्थ्यांनी मुद्दाम हे सौम्य नाव निवडले होते.

या मालिकेच्या संपादनाची जबाबदारी लवकरच पोस्टेल यांच्याकडे आली आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. आलेला मसुदा वाचणे, त्यातील संदिग्ध वाक्ये लेखकाकडून सुधारून घेणे, क्रमांक देणे आणि प्रसिद्ध करणे, असे हे काम होते. एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज पुन्हा बदलायचा नाही आणि दुरुस्ती करायची असल्यास नवा क्रमांक काढायचा, ही शिस्त या मालिकेत पाळली गेली. त्यामुळे चुकांसह संपूर्ण इतिहास वाचकांसमोर राहिला. पोस्टेल यांनी स्वतः दोनशेहून अधिक दस्तऐवजांचे लेखन किंवा सहलेखन केले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी मालिकेतील क्रमांक अडीच हजारांच्या जवळ पोहोचले होते. १ एप्रिलला या मालिकेत अनेकदा विनोदी मानकही प्रसिद्ध होत असे. कबुतरांच्या पायाला बांधून माहिती पाठवण्याची पद्धत सांगणारे १९९० चे मानक त्यांच्याच संपादनाखाली निघाले.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर पोस्टेल यांनी व्हर्जिनियातील मायटर कंपनीत आणि नंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटात काम केले. १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. मरिना डेल रे येथील ही संस्था आयएसआय या नावाने ओळखली जाते. उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच काम केले.

क्रमांकांची नोंदवही

मे १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणात पोस्टेल यांनी सुचवले की, जाळ्यावरील सेवांना क्रमांक देण्याचे काम कोणा एका व्यक्तीकडे असावे. ती व्यक्ती आपणच असावी का, असा प्रश्नही त्यांनी अर्धवट विनोदाने त्यात घातला होता. कोणी हरकत घेतली नाही आणि ते काम त्यांच्याकडे आले.

ही नोंद वरवर क्षुल्लक वाटते. मात्र दोन संगणकांनी एकाच क्रमांकाचा वेगवेगळा अर्थ लावला, तर त्यांच्यातील संवाद थांबतो. ईमेल स्वीकारणारी सेवा २५ क्रमांकाच्या पोर्टवर असते, हे जगातील प्रत्येक टपाल-सर्व्हरला ठाऊक असावे लागते. असे क्रमांक पोस्टेल आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स वेळोवेळी एकत्रित यादीच्या रूपात प्रसिद्ध करीत. या मालिकेतील अखेरची यादी ऑक्टोबर १९९४ मध्ये निघाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या कामाला आयएएनए हे नाव मिळाले. नाव संस्थेसारखे असले तरी प्रत्यक्षात ती आयएसआयमधील मोजक्या माणसांची कचेरी होती. तिच्यामागे कोणताही स्वतंत्र कायदा नव्हता. यादी अचूक ठेवली जाते आणि कोणाचाही पक्ष घेतला जात नाही, एवढ्या विश्वासावर तिचा कारभार चालत असे.

ईमेलचे मानक

अर्पानेटवर संगणकांदरम्यान ईमेल १९७१ पासून जात होते. पण त्यासाठी स्वतंत्र प्रोटोकॉल नव्हता. फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्येच टपालासाठी दोन आज्ञा जोडलेल्या होत्या. त्यामुळे एकाच यंत्रावरील दहा जणांना एकच पत्र पाठवायचे झाल्यास त्याच्या दहा प्रती जाळ्यावरून जात. सप्टेंबर १९८० मध्ये पोस्टेल आणि सुझॅन स्लुइझर यांनी टपालासाठी स्वतंत्र प्रोटोकॉल मांडला. तो अधिक सोपा करून पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये एसएमटीपीचा पहिला आराखडा दिला. ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या क्रमांकाने त्याचे स्थिर रूप प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात पत्राचे शीर्षभाग कसे लिहावेत हे ठरवणारा डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२ निघाला. पाकिटाचे नियम एका दस्तऐवजात आणि पत्राच्या मांडणीचे नियम दुसऱ्यात, अशी ही विभागणी आजही कायम आहे.

पोस्टेल यांनी रचलेला संवाद थोडक्यात असा आहे. पाठवणारा सर्व्हर जोडणी करून प्रथम आपले नाव सांगतो. मग तो प्रेषक कोण ते सांगतो, त्यानंतर एकेका प्राप्तकर्त्याचा पत्ता देतो आणि शेवटी मजकूर पाठवतो. घेणारा सर्व्हर प्रत्येक पायरीवर तीन अंकी उत्तर देतो. २५० म्हणजे मान्य, ३५४ म्हणजे मजकूर पाठवा, ५५० म्हणजे असे टपालखाते येथे उपलब्ध नाही. पहिला अंकच यश, तात्पुरती अडचण किंवा कायमचा नकार यांतील भेद सांगतो. एका यंत्रावरील अनेक प्राप्तकर्त्यांसाठी आता एकच प्रत पुरेशी ठरली. सर्व संवाद साध्या अक्षरांत असल्याने माणूसही तो वाचून दोष शोधू शकतो. मजकूर मात्र सात बिटांच्या अक्षरसंचापुरता मर्यादित होता. पत्त्यातील अॅट चिन्हाच्या डावीकडील भागाला ६४ चिन्हांची मर्यादा होती आणि उजवीकडील डोमेनलाही तेवढीच. डोमेनची ही मर्यादा पुढे २५५ पर्यंत वाढली.

याच काळात पोस्टेल यांनी इंटरनेटचे मूलभूत प्रोटोकॉलही संपादित केले. ऑगस्ट १९८० मध्ये यूडीपी आणि सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी व टीसीपी यांची मानके त्यांच्या हातून प्रसिद्ध झाली. जुन्या एनसीपी प्रोटोकॉलवरून टीसीपीवर सर्व यंत्रे कशी न्यावीत याची योजनाही त्यांनीच लिहिली. त्यानुसार १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटचे स्थित्यंतर झाले.

टपाल-सर्व्हरच्या नावातील चिन्हे

पाठवणाऱ्या सर्व्हरने प्रथम स्वतःचे नाव सांगायचे असल्याने नाव कसे असावे हे ठरवणे भाग होते. त्या काळी जाळ्यावरील सर्व यंत्रांची नावे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्र एका फाइलमध्ये ठेवीत असे. एलिझाबेथ फाइनलर त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. या फाइलचे नियम अखेरच्या रूपात ऑक्टोबर १९८५ मध्ये नोंदवले गेले. त्यांनुसार नावात केवळ रोमन अक्षरे, ० ते ९ हे अंक, संयोगचिन्ह आणि टिंब एवढीच चिन्हे चालत. नाव अक्षराने सुरू व्हावे, संयोगचिन्हाने किंवा टिंबाने संपू नये, त्यात मोकळी जागा नसावी आणि त्याची लांबी २४ चिन्हांपेक्षा जास्त नसावी, असे हे नियम होते. लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद केला जात नसे.

हा संच एवढा आखूड ठेवण्यामागे व्यावहारिक कारण होते. त्या काळी वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे वेगवेगळे अक्षरसंकेत वापरत. काही छापयंत्रांवर आणि कळफलकांवर अनेक विशेष चिन्हे नव्हती. शिवाय टपालाच्या पत्त्यात अॅट चिन्ह, कोनकंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह यांना आधीच विशेष अर्थ दिलेला होता. अशी चिन्हे यंत्राच्या नावात आली असती, तर पत्ता कोठे संपतो हे ओळखणे कठीण झाले असते. जे चिन्ह सर्व यंत्रांवर सारखेच वाचले जाईल, तेवढेच नावात ठेवावे, असा हा विचार होता.

आरएफसी ८२१ मधील व्याकरणात याच नियमांचे प्रतिबिंब आहे. त्यानुसार टिंबांनी वेगळा केलेला नावाचा प्रत्येक भाग अक्षराने सुरू होतो, मध्ये अक्षरे, अंक किंवा संयोगचिन्ह असतात आणि शेवटी अक्षर किंवा अंक येतो. हे व्याकरण अगदी शब्दशः वाचल्यास प्रत्येक भागाला किमान तीन चिन्हे लागतात. म्हणजे पुढे पोस्टेल यांच्याच देखरेखीखाली रूढ झालेले दोन अक्षरी देशसंकेत त्यात बसत नाहीत. डोमेन नावांच्या १९८३ च्या मानकातील व्याकरणाने एका अक्षराचा भागही मान्य केला आणि व्यवहारात तेच चालले. मानक लिहिताना एखाद्या ओळीचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, याचे हे एक उदाहरण आहे.

१९८७ च्या डोमेन मानकाने प्रत्येक भागाची कमाल लांबी ६३ आणि पूर्ण नावाची २५५ बाइट ठरवली. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२३ ने पहिले चिन्ह अंक असण्यासही परवानगी दिली. मात्र सर्वांत वरच्या स्तरावरील भाग अक्षरांचाच असेल, असे त्यात गृहीत धरले होते. त्यामुळे नाव आणि टिंबांनी विभागलेला अंकी पत्ता यांत गोंधळ होत नाही.

अधोरेखा, म्हणजे अंडरस्कोर, हे चिन्ह या संचात कधीच आले नाही. तरी कार्यालयीन जाळ्यांतील अनेक संगणकांच्या नावांत ते वापरले गेले, कारण तेथील अंतर्गत नामपद्धतींना ते चालत असे. असा संगणक टपाल-सर्व्हर म्हणून स्वतःचे नाव सांगू लागला की काटेकोर सर्व्हर ते नाव नाकारतात आणि उदार सर्व्हर पत्र स्वीकारतात. या प्रश्नावरील संभ्रमाचे मूळ दोन वेगळ्या नियमांची गल्लत करण्यात आहे. जुलै १९९७ च्या आरएफसी २१८१ ने स्पष्ट केले की, डोमेन नावांच्या कोशात नोंद म्हणून कोणतेही चिन्ह साठवता येते. यंत्राच्या आणि टपाल-पत्त्यातील नावांवर असलेले बंधन हे त्या नावांचा वापर करणाऱ्या प्रोटोकॉलचे बंधन आहे. पुढे ईमेलच्या सत्यतेसाठी डीकेआयएम आणि डीमार्क या पद्धती आल्या. त्यांच्या नोंदींच्या नावात अधोरेखा हेतुपुरस्सर घातली गेली. ज्या चिन्हाला यंत्राच्या नावात जागा नाही, ते वापरल्याने अशा नोंदीची खऱ्या यंत्राच्या नावाशी टक्कर होऊ शकत नाही.

उदारतेचे तत्त्व

जानेवारी १९८० च्या आयपी आणि टीसीपी मानकांच्या मसुद्यांत पोस्टेल यांनी एक सर्वसाधारण सूचना घातली. आपण पाठवतो ते नियमाला धरून असावे आणि दुसऱ्याकडून येईल ते समजून घेता येत असल्यास स्वीकारावे, असा तिचा आशय होता. वेगवेगळ्या विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी एकाच मानकावरून स्वतंत्रपणे आज्ञावल्या लिहिल्या होत्या. प्रत्येकाने लहानसहान विसंगतीवरून संवाद तोडला असता, तर जाळे वाढलेच नसते.

टपालात या तत्त्वाची कसोटी लागली. आरएफसी ११२३ ने पाठवणाऱ्या सर्व्हरवर आपले खरे आणि पूर्ण डोमेन नाव सांगण्याचे बंधन घातले. घेणाऱ्याला ते नाव पडताळून पाहण्याची मुभा दिली. पण पडताळणी फसली म्हणून पत्र नाकारू नये, असेही सांगितले. नियम पाठवणाऱ्यासाठी कडक आणि घेणाऱ्यासाठी सैल, अशी ही रचना पोस्टेल यांच्या विचाराशी सुसंगत होती. एखाद्या व्यवस्थापकाच्या चुकीची शिक्षा पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला होऊ नये, हा तिच्यामागील हेतू होता.

पोस्टेल यांना या उदारतेचा धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्यांनी नकोशा टपालाच्या प्रश्नावर आरएफसी ७०६ हे छोटे टिपण लिहिले होते. त्रासदायक किंवा बिघडलेल्या यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोय यजमान संगणकाला हवी आणि तशी सोय तत्कालीन अर्पानेटमध्ये नाही, हे त्यांनी दाखवून दिले. व्यापारी कचरा-टपालाचा पूर येण्यापूर्वी बऱ्याच वर्षांचे हे लेखन आहे.

डोमेन नावे आणि देशसंकेत

नावांची एकच फाइल वाढत्या जाळ्याला अपुरी पडू लागल्यावर पोस्टेल यांनी आयएसआयमधील पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे नव्या व्यवस्थेचे काम सोपवले. त्यातून नोव्हेंबर १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीची पहिली मानके निघाली. संक्रमणाचे वेळापत्रक पोस्टेल यांनी लिहिले. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी सर्वोच्च स्तरावरील डोमेनांचे निकष प्रसिद्ध केले. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी टपालमार्गाच्या एमएक्स नोंदींची पद्धत सांगितली. त्यामुळे डोमेनचे नाव एक आणि त्याचे टपाल घेणारा सर्व्हर दुसरा, असे करणे शक्य झाले.

देशांसाठी कोणते संकेत वापरावेत या प्रश्नावर पोस्टेल यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची आयएसओ ३१६६ ही तयार यादी स्वीकारली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही हे ठरवणे आयएएनएचे काम नाही, ही भूमिका त्यांनी मार्च १९९४ च्या आरएफसी १५९१ मध्ये स्पष्ट केली. डोमेन सांभाळणारी व्यक्ती त्या समुदायाची विश्वस्त असते. तिने मालकी हक्काची भाषा न करता सेवेची जबाबदारी पाहावी, असे त्यात नमूद आहे. आयएएनएच्या नोंदीनुसार भारताचे डॉट इन हे देशसंकेत डोमेन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले. सुरुवातीची बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था पाहत होती.

जानेवारी १९९८ ची घटना

१९९० च्या दशकात व्यापारी कंपन्या इंटरनेटवर आल्या आणि डोमेन नावांना बाजारमूल्य आले. नावांची नोंदणी अमेरिकी सरकारच्या कराराने नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होती. नवी डोमेन कोण वाढवणार आणि मूळ यादीवर अंतिम अधिकार कोणाचा, यावर वाद सुरू झाला. परस्परविश्वासावर चाललेल्या व्यवस्थेला कायद्याचा आधार विचारला जाऊ लागला.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ नाम-सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल पाठवले. मूळ यादी नेटवर्क सोल्युशन्सच्या यंत्राऐवजी आयएसआयमधील यंत्रावरून घ्यावी, अशी विनंती त्यात होती. त्या आठ जणांनी ती मान्य केली. यादीतील मजकूर तोच असल्याने जगातील वापरकर्त्यांना कोणताही फरक जाणवला नाही. मात्र मूळ यादीचा ताबा एका ईमेलवर हलू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले. व्हाइट हाउसमधील सल्लागार इरा मॅगझिनर यांनी तीव्र हरकत घेतली आणि काही दिवसांतच पूर्वीची व्यवस्था परत आणली गेली. ही आपण केलेली चाचणी होती, असे पोस्टेल यांनी सांगितले.

समर्थकांच्या मते पोस्टेल यांनी तांत्रिक समुदायाचा हक्क शांतपणे दाखवून दिला. टीकाकारांच्या मते सार्वजनिक व्यवस्थेबाबत एवढा निर्णय एका व्यक्तीने घेणे धोक्याचे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने नावांच्या कारभाराबाबतचा प्रस्ताव जाहीर केला. जूनमध्ये अंतिम धोरण आले आणि ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदली गेली. तिची रचना ठरवण्यात पोस्टेल यांचा मोठा वाटा होता.

निधन

पोस्टेल यांच्या हृदयाच्या झडपेवर १९९१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये झडपेची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून बरे होत असताना १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयकॅनची नोंदणी होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ विंट सर्फ यांनी लिहिलेला लेख आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला.

लांब दाढी, साधा वेश आणि पायात सँडल, अशी पोस्टेल यांची ओळख होती. सिएरा नेवाडा पर्वतरांगेत पायी भटकंती करण्याची त्यांना आवड होती. ते मितभाषी होते आणि प्रसिद्धीपासून दूर राहत.

सन्मान

१९८३ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाची स्थापना झाल्यापासून पोस्टेल त्याचे सदस्य होते. इंटरनेट सोसायटीचे ते पहिले वैयक्तिक सदस्य आणि नंतर विश्वस्त होते. १९९७ मध्ये त्यांना आणि फ्रान्सचे लुई पूझँ यांना सिगकॉम पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यांना रौप्यपदक दिले. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार देते आणि त्याचा पहिला मान मरणोत्तर त्यांनाच मिळाला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

वारसा

एसएमटीपीचे मानक जॉन क्लेन्सिन यांनी एप्रिल २००१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २००८ मध्ये अद्ययावत केले. यंत्राच्या नावात अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढीच चिन्हे असावीत हा नियम त्यात कायम राहिला. केवळ सांगितलेले नाव पडताळणीत जुळले नाही म्हणून पत्र नाकारू नये, ही सूचनाही टिकली. प्रत्यक्षात मात्र कचरा-टपालाच्या दबावामुळे अनेक सर्व्हर अधिक कठोर झाले आहेत. नाव सदोष असल्यास किंवा पत्त्याशी न जुळल्यास ते पत्र परत पाठवतात. उदारतेच्या तत्त्वाचाही फेरविचार झाला आहे. चुका सतत पोटात घातल्या की त्याच रूढ होतात आणि नव्या आज्ञावल्यांनाही त्या पाळाव्या लागतात, असा आक्षेप इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये मांडला आहे. प्रोटोकॉलची सतत देखभाल करणे आणि दोष वेळीच दाखवून देणे, हा त्यावरील उपाय म्हणून सुचवला आहे.

रोमनेतर लिपींसाठी २००३ मध्ये पद्धत ठरली आणि २०१० मध्ये ती सुधारली गेली. तिच्यानुसार देवनागरी नाव वापरकर्त्याला देवनागरीतच दिसते. डोमेन प्रणालीत मात्र ते रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्हे यांच्या संकेतरूपात साठवले जाते. ६३ ची मर्यादा या संकेतरूपाला लागू होते, त्यामुळे दिसायला लहान असलेले नावही त्या मर्यादेच्या जवळ जाऊ शकते. काना, मात्रा, वेलांटी अशा स्वरचिन्हाने नावाचा कोणताही भाग सुरू होऊ शकत नाही. २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन नोंदणीसाठी खुले झाले आणि मराठीत डोमेन नावे घेता येऊ लागली. अॅट चिन्हाच्या डावीकडील भागही देवनागरीत लिहिण्याची सोय फेब्रुवारी २०१२ च्या एसएमटीपी विस्ताराने केली. दोन्ही बाजूंच्या सर्व्हरनी हा विस्तार स्वीकारलेला असेल तरच असे पत्र पोहोचते. देवनागरी पत्त्यावरील पत्र म्हणूनच आजही काही ठिकाणी अडते.

पोस्टेल एकट्याने सांभाळत असलेली कामे त्यांच्यानंतर विभागली गेली. आयएएनएची कार्ये आयकॅनकडे गेली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांवरील अमेरिकी सरकारची देखरेख संपली. आरएफसीचे संपादन आता स्वतंत्र व्यवस्थेमार्फत होते. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी ठरवून दिलेला संवाद मात्र फारसा बदललेला नाही. दोन टपाल-सर्व्हरमधील बोलण्यात पाठवणारा आजही प्रथम आपले नावच सांगतो.